हातातली मात

“ताई, एक विचारू? काका हातातली मात का सोडायचे?”

अण्णांना जाऊन अकरा दिवस झाले होते. विचारणारी रेश्मा बागवान पुण्याच्या एका कंपनीत बुद्धिबळाचे प्रोग्रॅम बनवते. फोनवर तिने आधी रीतसर विचारपूस केली, जेवताय ना वेळेवर म्हणाली, आणि मग हे विचारलं. ती ज्यांना काका म्हणायची ते माझे वडील, अण्णा, म्हणजे यशवंत तारळेकर. मोजणी खात्यातून निवृत्त झालेले, सांगलीतले जुने खेळाडू, आणि आयुष्याची शेवटची सहा वर्षं तिच्या प्रोग्रॅमचे तालीमदार.

“सोडायचे म्हणजे?”

“म्हणजे वजिराने एका खेळीत मात होतेय. लहान मुलालाही दिसेल अशी. काका ती करत नाहीत, भलतंच काहीतरी खेळतात. पाच-सहा खेळ्या जास्त घेतात आणि एखाद्या वेळी तेवढ्यात डाव हातचा जातो. आम्ही मोजलं. नऊ हजार एकशे चौदा डावांत साडेचारशे वेळा. आणि आता गडीपण तेच करायला लागलाय.”

गडी हे त्या प्रोग्रॅमचं नाव.

मला उत्तर माहीत होतं. ते माहीत असलेली बहुधा मी एकटीच उरले होते. पण साडेचारशे हा आकडा ऐकला आणि मी म्हणाले, “वय झालं होतं गं त्यांचं. शेवटी शेवटी लक्ष राहायचं नाही.”



“काकांचं? लक्ष?”

“घरच्यांना दिसतं ते बाहेरच्यांना दिसत नाही,” मी म्हणाले.

अण्णांचं लक्ष शेवटच्या दिवसापर्यंत शाबूत होतं. मी खोटं बोलले होते.

का, ते सांगण्याआधी गडी काय आहे हे सांगायला हवं. प्रोग्रॅम माणसाला हरवतो का, हा प्रश्न माझ्या लहानपणीच निकालात निघाला. नंतर प्रोग्रॅम एकमेकांशी खेळत राहिले. त्यांच्या स्पर्धा, त्यांची मानांकनं, त्यांचा पहिला नंबर. पण आपापसांत खेळून मिळवलेलं मानांकन फसवं असतं. एका खोलीतली माणसं पाठीला पाठ लावून उंची मोजत बसली तर कोण कोणापेक्षा बोटभर उंच ते अचूक कळतं, पण त्यांतल्या कोणाला पोहता येतं ते कळत नाही. माणसाशी सरळ खेळायला बसवावं, तर यादीतला पहिला आणि चाळिसावा दोघेही शंभरपैकी शंभर डाव जिंकतात. मग फरक कळावा कसा?

म्हणून जुनी रीत परत आली, मोहरा देऊन खेळायची. प्रोग्रॅमने सुरुवातीलाच आपला एक घोडा पटाबाहेर ठेवायचा आणि मग माणसासमोर बसायचं. यादीतला पहिला प्रोग्रॅम असा बसला आणि हरायला लागला. कारण समोरचा कधी चुकणारच नाही, हे धरूनच तो विचार करतो. त्याची सगळी उमर आपल्यासारख्यांशी खेळण्यात गेलेली असते. घोडा कमी आहे, समोरचा चुकणार नाही, म्हणजे कुठल्याही वाटेने गेलं तरी पराभवच. मग त्याला सगळ्या वाटा सारख्या. तो मारामारी करून पट रिकामा करतो आणि मुकाट मरतो. उलट चाळिसावा असलेला एखादा प्रोग्रॅम, ज्याला माणूस कुठे घाई करतो, कुठे भितो, कुठे मोहात पडतो ते ठाऊक आहे, तो घोडा देऊनही भल्याभल्यांना लोळवतो. तेव्हापासून मानांकनं दोन झाली, यंत्री आणि मानवी. शाळा आणि क्लब मानवी मानांकन बघून प्रोग्रॅम घेऊ लागले.

माणूस कुठे चुकतो हे शिकायला माणूस लागतो. पुस्तकात छापलेले डाव पुरत नाहीत. एकच माणूस, त्याचे हजारो डाव, प्रत्येक खेळीला त्याने घेतलेला वेळ, उचलण्याआधी मोहऱ्यावर घोटाळलेला हात, हे सगळं लागतं. असा माणूस म्हणजे तालीमदार. कंपनीने अण्णांना एक पट पाठवला होता. मोहरी साधी लाकडाची, पण प्रत्येक घराखाली एक बारीक दिवा, आणि पटाच्या पोटात हे सारं टिपणारं यंत्र. अण्णांच्या नऊ हजार डावांतून गडीच्या आत एक थर तयार झाला. समोरच्या माणसाचं मन कसं चालेल ते गडी आधी त्या थराला विचारायचा, मग आपली खेळी ठरवायचा. रेश्माच्या भाषेत, गडीला हिशेब आधीपासून येत होता, माणूस काकांनी शिकवला.

मला त्याचा राग यायचा. राग हा शब्द बरोबर नाही, पण बरोबर शब्द स्वतःबद्दल वापरायला जड जातो.

आई गेल्यावर मी नाशिकहून रोज संध्याकाळी अण्णांना फोन करायचे. दुसऱ्या मिनिटाला अण्णा म्हणायचे, “हेमा, थांब जरा. त्याची खेळी आली.” मग लाकडावर लाकूड टेकल्याचा आवाज. मी कानाला फोन लावून बसलेली. परत आले की त्याच्याबद्दलच. “आज बिनसलंय त्याचं. सकाळपासून नुसता उंट नाचवतोय.” किंवा, “काल फार सुंदर हरला.” माझं ग्रंथालयातलं काम, माझा मोडलेला संसार, माझं गुडघ्याचं ऑपरेशन, ह्या सगळ्यावर अण्णांचं एकच ठरलेलं वाक्य होतं. “बरं. काळजी घे.” गडीच्या उंटावर ते वीस मिनिटं बोलत.

हळूहळू रोजचा फोन आठवड्यातून एक झाला. त्यांनी कधी विचारलं नाही. शेवटच्या दिवशी सकाळी ते त्याच्याशी दोन डाव खेळले. माझ्याशी शेवटचं बोलणं चार दिवस आधीचं, गॅसच्या पासबुकाबद्दल.

मला बुद्धिबळ अण्णांनीच शिकवलं होतं, सातव्या वर्षी. बारावीपर्यंत शिकवतील असं मला वाटायचं. बाराव्या वर्षी जिल्ह्याच्या स्पर्धेत मी जिंकत आलेला डाव घालवला आणि सगळ्यांसमोर रडले. मिरजेहून घरी येईपर्यंत अण्णा एक शब्द बोलले नाहीत. पुढच्या रविवारी त्यांनी माझ्यासाठी पट मांडला नाही. मी विचारलं तर म्हणाले, “तुझं मन नाही त्यात. अभ्यास कर.”

रविवारी मग कुंभोजकर वकील यायचे. पुढच्या खोलीत दोघांचा डाव रंगायचा आणि मी स्वयंपाकघराच्या दारात भाजी निवडत उभी राहायचे. तिथून पट अर्धा दिसायचा, बोलणं सगळं ऐकू यायचं.

“तारळेकर, वजीर उभाय की हो समोर. घाला आणि मोकळं करा. मला आंघोळ करायचीय अजून.”

“वजिरानं काय, कोणपण मारतंय वकीलसाहेब. प्याद्यानं मारलं तर खरं.”

“आणि तेवढ्यात मी निसटलो म्हणजे?”

“निसटा की. कोण धरलंय तुम्हाला?”

माझे आजोबा देशी पद्धतीने खेळत. त्या खेळात एका मातेची दुसरीला सर नसे. वजिराची मात म्हणजे नुसती मात. प्याद्याने राजाला गाठलं तर ती प्यादेमात, मानाची. अण्णा पुढे आयुष्यभर आंतरराष्ट्रीय नियमांनी खेळले, पण ही एक गोष्ट त्यांच्या हातातून गेली नाही. जिंकलेला डाव ते लांबवत, राजाला हळूहळू कोंडत आणि शेवटचं घर प्याद्यासाठी राखून ठेवत. त्यापायी स्पर्धांमधले किती अर्धे गुण घालवले असतील, देव जाणे. कोणाला समजावून सांगितलं नाही कधी. मला तर नाहीच.

माझ्याशी खेळताना त्यांनी एकदाही प्यादेमात केली नाही. मला नेहमी वजिराने, चटकन, इंजेक्शन देतात तसं. मी अजून खेळत होते तेव्हा एकदा आमचा डाव बघत वकीलच म्हणाले होते, “पोरीला जरा खेळवा की हो.” तेव्हा अण्णांनी दिलेलं उत्तर मी अकरा वर्षांची असताना ऐकलं आणि पुढे वाचलेल्या हजार-दीड हजार पुस्तकांतलं एकही वाक्य माझ्यात तितकं खोल गेलं नाही. ते म्हणाले, “कच्च्याला खेळवू नये वकीलसाहेब. लगेच मारावं. प्यादेमात बरोबरीच्याला.”

आता तो आकडा परत बघा. साडेचारशे वेळा. त्या लाकडाच्या पेटीला अण्णांनी साडेचारशे वेळा बरोबरीचं मानलं होतं.

रेश्माचा अहवाल पंधरा दिवसांनी आला. वारस म्हणून त्याची प्रत मला पाठवायची पद्धत होती. चौथ्या पानावर वाक्य होतं: “तालीमदाराच्या उतारवयातील एकाग्रतेच्या अभावामुळे प्रोग्रॅममध्ये शिरलेला दोष.” त्याखाली, सोडलेल्या साडेचारशे माता चुका म्हणून नोंदल्या आहेत आणि गडीला त्या विसरायला लावलं आहे, असं होतं.

मला बरं वाटलं. हे लिहायला लाज वाटते, पण वाटलं. अण्णांनी त्याला दिलेलं मानाचं पान कोणीतरी उचलून नेलं होतं. संध्याकाळपर्यंत हे बरं वाटणं टिकलं. मग दिवाबत्ती करताना अण्णांच्या फोटोकडे पाहिलं आणि डोक्यात ते वाक्यच घुमायला लागलं. उतारवयातील एकाग्रतेचा अभाव. त्र्याऐंशीव्या वर्षी भाजीवाल्याने एक रुपया जास्त लावला तर ओळखणारा माणूस. मी ते वाक्य खोडायला सांगणारा मेल लिहिला. त्यात खरं कारण द्यावं लागलं असतं. पाठवला नाही.

एका शनिवारी सकाळी अकराच्या सुमारास रेश्मा स्वतःच सांगलीला आली. मी घर आवरायला तिथेच राहिले होते. तिशीची, बुटकी, पाठीवर भलीमोठी सॅक. मूळची तासगावची. दारातच चपला काढून थेट स्वयंपाकघरात गेली.

“तुम्ही बसा ताई, चहा मी टाकते. साखर वरच्या फळीवरच ना अजून?”

वरच्या फळीवर साखर असते हे मला ह्या खेपेला शोधून काढावं लागलं होतं.

“तू बरीच यायचीस वाटतं.”

“महिन्याला एकदा. पट तपासायला. काका म्हणायचे, तपासायला येतेस का जेवायला?” ती हसली आणि मग तिचे डोळे भरले. तिने ते ओढणीला पुसले. मी पाहत राहिले. माझे डोळे अजून एकदाही भरले नव्हते आणि ही माझ्या वडिलांसाठी माझ्याच ओट्यापाशी रडत होती.

चहा पिताना तिने सांगितलं. दोष काढल्यावर गडी प्रोग्रॅमांविरुद्ध सुधारला, एकतीस गुणांनी चढला. साहेब खूश झाले. मग नेहमीची परीक्षा घेतली, घोडा देऊन माणसांशी शंभर डाव. आधी तो त्यांतले बासष्ट जिंकायचा. आता एकेचाळीस.

“एक सवय काढली ताई, आणि सगळं विस्कटलं. आता तो मारामारी करतो, पट रिकामा करतो आणि हरतो. बाकीच्यांसारखाच. का ते कोणाला कळत नाही.”

मला कळलं. प्याद्याने मात करायची तर प्यादी जपावी लागतात. ती जपायची तर उगाच मारामारी करून चालत नाही. राजाला शहामागून शह देऊन पळवायचं नाही, कोंडायचं. समोरच्याला वाटत राहतं की अजून वाट आहे. आशा असलेला माणूस घाई करतो आणि चुकतो. अण्णांचा सगळा खेळच त्या शेवटच्या घराकडे बघत उभा होता. ते घर काढून घेतल्यावर बाकीचं कशाला उभं राहील?

“मग?” मी विचारलं.

“साहेब म्हणतात, म्हातारपणातले डाव आहेत, दोष कुठे कुठे मुरलाय कोण शोधणार. काकांचा थरच काढून टाका, इंदूरचा एक तालीमदार आहे, त्याचा बसवा. सोमवारी बैठक आहे. मी म्हटलं, मला दोन दिवस द्या.” ती कपाकडे बघत म्हणाली, “थर काढला की डाव ठेवत नाहीत. पुसतात. नऊ हजार डाव, ताई.”

मी कप उचलून ओट्यावर ठेवले. बोलायला एक वाक्य पुरलं असतं.

“तुम्ही एक डाव खेळाल त्याच्याशी? जुन्या गडीशी, दोष न काढलेल्या. तुमचा हात काकांच्या हाताखालचा. काही सापडलं तर बघते.”

“मी बाराव्या वर्षी खेळ सोडला.”

हेही खरं नव्हतं. गेली सहा वर्षं मी रोज जेवणाच्या सुट्टीत फोनवर एका प्रोग्रॅमशी खेळत होते, खोट्या नावाने. अण्णांना सांगायचं तर निदान त्यांच्याशी अर्धा तास टिकण्याइतकं यायला हवं होतं. ते आलं आहे असं मला कधी वाटलं नाही.

तिने सॅकमधून पट काढला. अण्णांचाच. कंपनी तो महिन्यापूर्वी घेऊन गेली होती. काळी मोहरी माझ्याकडे लावली, पांढऱ्यांतला एक घोडा उचलून बाजूला ठेवला. “त्याचा हिशेब मी कमी करते. नुसता काकांच्या थरावर खेळेल. म्हणजे साधारण काकाच समजा.”

“समजत नाही मी असं,” मी म्हणाले.

गडीने खेळायचं म्हणजे एवढंच की दोन घरांतले दिवे लागतात, ज्या घरातून उचलायचं ते आणि जिथे ठेवायचं ते. पटाला हात नाहीत. त्याचा मोहरा समोरच्यानेच हलवायचा. पहिल्या चार-पाच खेळ्या मला ते जमेना, माझाच मोहरा उचलावा असं व्हायचं. मग हात सरावला. रेश्मा टॅबलेट मांडीवर घेऊन बाजूला बसली होती, त्यावर दर खेळीला कोण वरचढ ते दिसत होतं.

तो अण्णांसारखा खेळत होता. हे मला नाकारता आलं असतं तर बरं झालं असतं. तो प्यादी पुढे सरकवायचा आणि थांबायचा. माझ्या बाजूला घोडा जास्त होता तरी पटावर हवा कमी व्हायला लागली. पण सहा वर्षांची माझी जेवणाची सुट्टीही वाया गेलेली नव्हती. एकोणिसाव्या खेळीला त्याने एक प्यादं लोभाने मारलं, माझा हत्ती मोकळा झाला आणि वजीर आत घुसला. त्याचा राजा कोपऱ्यात अडकला होता. माझा हत्ती शेवटच्या ओळीत गेला की संपलं. एक खेळी.

मी हत्तीकडे हात नेला.

आणि मला माझं प्यादं दिसलं. त्याच्या राजापासून दोन घरांवर. वजिराने एक वाट बंद केली, घोडा एक उडी पुढे आणला, की ते प्यादं राजापर्यंत पोचत होतं. तीन खेळ्या. मधे त्याच्या वजिराला शिरायला एक जागा मिळत होती, पण तो ती घेईल असं वाटत नव्हतं.

मी वजीर उचलला.

रेश्मा जागची हलली. गडीचे दिवे लागले. त्याने ती जागा घेतली. त्याच्या वजिराने मला शह दिला, दुसरा दिला आणि तिसऱ्या शहाला माझा हत्ती उचलला. त्याच्या खेळ्या मीच माझ्या हाताने करत होते. दहा मिनिटांत डाव उलटला.

“ताई,” रेश्मा हळूच म्हणाली, “हत्तीने मात होती.”

“हो.”

“तुम्हाला दिसली नाही?”

“दिसली.”

ती माझ्याकडे बघत राहिली. टॅबलेटवर तिने तीच खेळी मागे नेऊन पाहिली. माझा हात हत्तीपाशी अकरा सेकंद थांबला होता, ते तिथे नोंदलेलं होतं. मग तिने टॅबलेट पालथा ठेवला.

“काका अगदी हेच करायचे. हत्तीपाशी हात न्यायचे आणि...” तिचा आवाज बदलला. “तुमचं काही वय झालं नाहीये, ताई. लक्षही ठिकाणावर आहे. तुम्हाला माहीत होतं. मी फोन केला तेव्हापासून माहीत होतं.”

“हो.”

“मग सांगितलं का नाहीत? मी लिहिलं ते वाक्य. मी! काकांबद्दल! म्हटलं, पोटची मुलगी सांगतेय, खोटं कशाला सांगेल?”

मी पटाकडे बघत होते. “कारण तुमच्याकडे सगळंच होतं. नऊ हजार डाव तुमच्याकडे, साखरेचा डबा तुला ठाऊक. एवढं एक माझ्याकडे होतं. तेसुद्धा त्यांनी दिलेलं नव्हतं. मी दारात उभी राहून चोरलेलं.”

रेश्मा रागावलेलीच होती, पण उठली नाही.

मग मी तिला सांगितलं. आजोबांचा देशी खेळ, मातेमातेतला फरक, कुंभोजकर वकील, त्यांची आंघोळ. प्यादी का जपायची आणि पट का भरलेला ठेवायचा. अण्णांचं ते वाक्यही सांगितलं, कच्च्याला लगेच मारावं. ती मधे मधे विचारत होती आणि भराभर लिहून घेत होती. एकदा हसली. “म्हणजे गडी बरोबर ओळखायचा! नवख्यांना तो वजिरानेच मारतो. आम्ही म्हणायचो, ह्याचा दोष कधी दिसतो कधी नाही, धरायचा कसा. तो फक्त तगड्या लोकांशी...” ती मधेच थांबली. माझं काय झालं असेल ते तिच्या लक्षात आलं असावं.

“त्या वाक्याच्या जागी काय लिहू?” तिने विचारलं.

“लिही, तालीमदाराला मात दिसत होती. दर वेळी दिसत होती. ती न करण्याचं कारण त्यांच्या मुलीला माहीत होतं आणि तिने खोटं सांगितलं. मत्सराने.”

“मत्सराने नको लिहायला.”

“लिही. नाहीतर साहेब विचारतील का सांगितलं, आणि तुला काहीतरी बनवून सांगावं लागेल. पुन्हा खोटं.”

तिने लिहिलं. मी खाली सही केली. थर राहील की जाईल ते सोमवारी ठरणार होतं. पण वयाचं ते वाक्य आता अण्णांच्या नावापुढे राहणार नव्हतं. मला हलकं वगैरे वाटलं नाही. उलट आता काहीच फक्त माझं उरलं नाही असं वाटलं. गडीकडे आता अण्णांची सवयही होती आणि तिचं कारणही.

रेश्माने टॅबलेट सरळ केला. “डाव बंद करू? तुम्ही हरलात तसं. वजिराने एका खेळीत मात आहे त्याच्या हातात.”

मी बघितलं. होती. माझा राजा कडेला, पुढची दोन घरं माझ्याच प्याद्यांनी अडवलेली. त्याचा वजीर एक पाऊल सरकला की झालं. मी वाट बघत होते, अण्णांसमोर बसून बघायचे तशीच. वजीर सरकेल. चटकन.

दिवे लागेनात.

“अडकला का?” मी विचारलं.

“नाही. विचार करतोय.”

दिवे लागले ते वजिराच्या घरात नव्हते. पटाच्या पार दुसऱ्या बाजूला, त्याच्या राजाने एक घर पुढे यायचं होतं. मी राजा सरकवला. आता माझ्या राजाला एकच घर मोकळं होतं. मी तिथे गेले. दुसरं काही खेळण्यासारखं नव्हतं.

रेश्मा टॅबलेट विसरून पटावर वाकली होती. “ताई,” ती म्हणाली, “हे तर...”

“बोलू नकोस.”

ही मात अण्णांची नव्हती, हे मला कळत होतं. अण्णा असते तर मला बरोबरीची मानली असती का, ते आता कोणीच सांगू शकणार नव्हतं, हा पटही नाही. त्याला फक्त त्यांच्या हातांची आठवण होती, आणि ती मला नव्हती, आणि ते मला अजूनही खुपत होतं.

दोन दिवे लागले. एक पांढऱ्या प्याद्याखाली, एक त्याच्या पुढच्या रिकाम्या घरात. मी ते प्यादं उचललं आणि एक घर पुढे, माझ्या राजाच्या तिरक्या अंगाला नेऊन ठेवलं.